चौकात सायकल नेमकी कुठून चालवायची?

कळवे_ते_महापे
मंगळवार, रात्री ९.४०

गेल्या गुरुवारी सकाळी ऑफिसला जाताना पडलो. ठाणे-बेलापूर रोडवर, रबाळ्याच्या अलीकडे, डावीकडे एमआयडीसीत शिरायला एक रस्ता फुटतो तिथे. मी सरळ चाललो होतो. अगदी कडेने, वेग वीसच्या आसपास. मागून एक पांढरी गाडी आली, मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच डावीकडे वळली. तिच्या मागच्या दरवाज्यावर मी आदळलो. डावं कोपर सोललं, पायडल वाकलं, डबा उघडून भेंडीची भाजी रस्ताभर.

गाडीवाला पळाला नाही. खाली उतरला, मला फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. दोनदा म्हणाला, "खरं सांगतो साहेब, तुम्ही दिसलाच नाहीत."

तेव्हा राग आला. पोपटी टी-शर्टातला पाच फूट दहा इंचांचा माणूस दिसला नाही? पण दोन दिवस घरी बसल्यावर वाटलं, तो खोटं बोलत नव्हता. ओलांडताना त्याने मला पाहिलंच असणार. पण कडेला उभी असलेली हातगाडी पाहतो तसं. ओलांडलं आणि त्याच्या हिशेबातून मी गेलो. सायकलवाला म्हणजे मागे पडणारच, हे त्याने धरून चाललं. वीसच्या वेगाने सेकंदाला साडेपाच मीटर जातो आपण. वळायला त्याने ब्रेक मारला तोवर मी त्याच्या दारात.

शनिवारी कोपराला पट्टी बांधून त्याच जागी गेलो. समोरच्या टपरीवर दोन चहा होईपर्यंत उभा राहून नुसतं बघितलं. डावीकडे वळणारा गाडीवाला पुढे बघतो, उजवीकडून कुणी येतंय का बघतो. डाव्या आरशाकडे मान वळवलेला एकही दिसला नाही मला. आणि दुसरी गोष्ट. कडेला चिकटून जाणाऱ्या सायकलींना गाड्या कापून वळत होत्या, पण एक दूधवाला लेनच्या जवळजवळ मधून रमतगमत चालला होता, त्याच्यामागे गाडी थांबली, चरफडली, आणि तो फाटा ओलांडून गेल्यावर वळली.

लहानपणी सायकल शिकवताना बाबा मागून कॅरिअर धरून ओरडायचे, "कडेकडेने घे रे!" पस्तीस वर्षं तेच करत आलो. आता वाटतं, चौक आला की हे उलटं करायला हवं. चाळीस-पन्नास मीटर आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, डाव्या लेनच्या मधोमध यायचं, चौक पार करायचा, मग पुन्हा कडेला.

हे बरोबर की मी स्वतःच्या मरणाची तयारी करतोय? रोज चालवणाऱ्यांनी सांगा. हेल्मेट होतं, तो विषय नको.


तळ्यातला_बेडूक
मंगळवार, रात्री १०.०५

लवकर बरे व्हा. भेंडीबद्दल वाईट वाटलं.

मी गेली दहा वर्षं ट्रेननेच जातो, त्यामुळे सल्ला शून्य. वाचतोय.


उपवनी
मंगळवार, रात्री १०.३१

ठाण्यात पोखरण रोड दोन ते स्टेशन, आठवड्यातून चार दिवस. तुमच्या मताला पूर्ण पाठिंबा, पण एक बाजू सांगते. लेनच्या मध्ये आलं की हॉर्न वाजतो आणि बाई असेल तर सोबत शेराही मिळतो. सुरुवातीला मी घाबरून लगेच कडेला सरायचे. सरले की तोच माणूस इतक्या जवळून जायचा की हँडलला वारा लागायचा.

आता हॉर्नला मी पोचपावती समजते. वाजवला म्हणजे दिसले. भीती न वाजवणाऱ्याची.

आणि कडा नुसती चौकातच वाईट असते असं नाही. गोखले रोडवर ओळीने गाड्या लावलेल्या असतात. दार उघडलं की मीटरभर जागा खातं. मी लावलेल्या गाड्यांपासून हात लांब करून बोटं लागणार नाहीत एवढं अंतर ठेवते. मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का, हे बघायची सवय लागली आहे. रिक्षाचं तर वेगळंच. आपल्याकडे रिक्षाला उजवीकडे दांडी असते, म्हणजे माणूस डावीकडूनच उतरणार. आणि आपण सिग्नलला थांबलेल्या रिक्षांच्या नेमके डावीकडूनच घुसतो. एकदा एका आजींच्या पिशवीत माझं पुढचं चाक गेलंय. कोथिंबिरीचे पैसे दिले.


चारचाकीवाला_पण_माणूस
मंगळवार, रात्री ११.१२

दुसरी बाजूही ऐका. मी घोडबंदरला राहतो, रोज गाडी काढतो. सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, उलट्या बाजूने येतात, रात्री दिवा नाही, आणि आता म्हणे लेनच्या मध्येही येणार. आधीच मेट्रोच्या कामांनी रस्ता अर्धा राहिलाय. साठच्या वेगातल्या गाडीपुढे पंधराच्या वेगाने मध्ये येऊन उभं राहायचं ही कुठली सुरक्षितता?


कळवे_ते_महापे
मंगळवार, रात्री ११.३०

@चारचाकीवाला, साठने गाड्या पळत असतील अशा मोकळ्या पट्ट्यात मध्ये या असं मी म्हणतच नाहीये. चौकाजवळ गाड्यांचाही वेग उतरतो, तिथलं बोलतोय. उतरत नसेल तर तिथे मीही मध्ये येणार नाही.

उलट्या बाजूचं मात्र शंभर टक्के मान्य. दिव्याचंही.


स्टिअरिंगकाका
बुधवार, सकाळी ६.१५

मी एकतीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त आहे. नातवाने हा धागा दाखवला. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्हाला गाडीवाल्याने सांगितलं ते खरं आहे. आमच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो. बसच्या डाव्या बाजूला, पुढच्या दरवाज्यापासून मागच्या चाकापर्यंत, एक पट्टा असा असतो की तिथे सायकल आली की गायब. आरशात येत नाही, खिडकीतून दिसत नाही. काचेच्या अगदी खाली, बंपरला लागून उभा असलेला माणूसही दिसत नाही. फार तर टोपी दिसते. त्यामुळे सिग्नलला बसच्या पुढे उभं राहायचं असेल तर पाच-सहा पावलं पुढे राहा. चिकटून नको.

ओळखायची खूण सोपी आहे. बसच्या आरशात बघा. तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसला तर त्याला तुम्ही दिसू शकता. चेहरा दिसत नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही नाही.

आता मोठी गोष्ट. बसला डावीकडे वळायचं असलं तर आम्ही आधी थोडी उजवीकडे घेतो. गाडी लांब, नाहीतर मागची बाजू कोपऱ्यावर चढते. मी उजवीकडे घेतली की डावीकडे छान मोकळी जागा तयार होते, आणि मागचा सायकलवाला, स्कूटरवाला म्हणतो, वा, रस्ता मिळाला! तो आत घुसतो आणि मी वळायला लागतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. जागा बघता बघता बंद होते. त्या जागेला आम्ही डेपोत उंदराचा पिंजरा म्हणायचो. कंटेनर ट्रेलरचं तर विचारू नका. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे नुसती पेटीच बारा मीटरची, वर तिला ओढणारं पुढचं इंजिन वेगळं. तो वळताना मागची चाकं कितीतरी आत येतात. महापे-शिळफाट्याकडे जेएनपीटी बंदराचे ट्रेलर दिवसरात्र असतात, तुमचं ऑफिस तिकडेच दिसतंय.

म्हणून एवढंच करा. अवजड गाडी पुढे असेल आणि फाटा जवळ असेल तर तिच्या मागे राहा. डावीकडून पुढे जायचं नाही, इंडिकेटर असो वा नसो. दोन मिनिटं गेली तर गेली.

माझ्या हातून कधी कुणी दगावलं नाही, देवाची कृपा. पण एकदा वागळे इस्टेटमध्ये कंडक्टरने डबल बेल दिली, मी क्लच सोडणार, तेवढ्यात तो जोरात ओरडला. दाराशी एक पोरगा सायकल टेकवून उभा होता, बसचा दांडा धरून. मला काहीच दिसलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही.


उपवनी
बुधवार, सकाळी ८.०२

काका, आरशातल्या चेहऱ्याचं वाक्य मी मुलाला आजच सांगणार. मनापासून धन्यवाद. टाइप करत राहा.


पिवळा_दिवा
बुधवार, सकाळी ९.४८

पेशाने इंजिनिअर, त्यामुळे थोडी आकडेमोड सहन करा.

आपल्याकडे पिवळा दिवा साधारण तीन सेकंदांचा असतो. तो मोटारींच्या हिशेबाने ठरतो. सायकल ताशी १८ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तीन सेकंदांत १५ मीटर. आता ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या मोठ्या चौकात उभे राहा आणि समोरचं टोक बघा. १५ मीटरमध्ये तुम्ही अर्ध्यातही पोचत नाही. म्हणजे सिग्नल न तोडता, अगदी नियमाने पिवळ्यात आत शिरलेला सायकलवाला मध्यावर असतानाच आडव्या बाजूचा हिरवा पडतो. आणि तिथले दुचाकीवाले हिरवा पडायच्या दोन सेकंद आधीच सुटलेले असतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून लांबून येताना हिरवा बराच वेळ हिरवाच दिसत असेल तर मी त्याला शिळा हिरवा म्हणतो आणि वेग कमी करतो. उलटे आकडे दाखवणारा सिग्नल असेल तर बरंच. मोठ्या चौकात दहाच्या खाली आकडा असेल तर मी सरळ थांबतो. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

थांबण्याचा हिशेब: ताशी २० ला लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर साडेपाच मीटर, पुढे चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल तर तीन-चार मीटर. एकूण नऊ. धागाकर्त्याच्या पुढे गाडी वळली तेव्हा मधलं अंतर नऊ मीटर असेल असं वाटत नाही. म्हणजे तिथे ब्रेक कितीही चांगले असते तरी आपटलाच असतात. चूक त्याच्या आधीच्या पन्नास मीटरमध्ये होती, हे तुमचं निरीक्षण गणितालाही पटतंय.

सुटतानाचं एक. थांबायच्या आधीच हलक्या गिअरवर या. जड गिअरवर थांबलात तर हिरवा पडल्यावर लटपटत, झोकांड्या खात निघता आणि मागच्याला कळत नाही तुम्ही कुठे जाणार.


चारचाकीवाला_पण_माणूस
बुधवार, सकाळी १०.२०

काकांचं वाचून गप्प बसलो होतो, पण एक विचारतो. उलट्या बाजूने येणारे मला नेहमी सांगतात, "समोरून येणारी गाडी दिसते, म्हणून सेफ वाटतं." यात तथ्य आहे का?


पिवळा_दिवा
बुधवार, सकाळी १०.४१

नाही. त्याच दिशेने जाताना गाडी ५० ने आणि सायकल १५ ने असेल तर फरक ३५ चा. समोरासमोर आलात की ६५. पण त्याहून वाईट चौकातलं. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्यावर येणारा फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहतूक तिकडूनच येते. तुम्ही त्याच्या डावीकडून येताय. त्याने बघायचं कारणच नाही.

चौकात सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा आपला कायदाच आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७. त्याच्या आधीच्या नियमातही तेच होतं. लायसनच्या परीक्षेला सगळे पाठ करतात.


डेल्फ्टकर
बुधवार, दुपारी २.१०

मूळची नौपाड्याची, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे मी लिहीन ते आरशात बघून वाचा.

इकडे लोक मुळातच फार शिस्तीचे म्हणून सगळं सुरळीत चालतं हा गैरसमज. १९७०च्या दशकात इथेही रस्त्यांवर इतकी मुलं मरत होती की पालक रस्त्यावर उतरले, त्यानंतर चौक बदलत गेले. चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं बेट बांधतात. त्यामुळे वळणाऱ्या गाडीला मोठा वळसा घ्यावा लागतो, वेग पडतो आणि सायकलवाला तिच्या आरशात नाही तर थेट समोरच्या काचेत येतो. तुम्ही लेनच्या मध्ये येऊन जे साधताय, तेच इथे सिमेंटने साधलंय.

दाराचं उपवनीने लिहिलंय त्यावर: इथे गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ठाण्यात मागे बघितलं तर मान तिथेच अडकेल." पण करतात आता.


सीवूडची_आई
बुधवार, संध्याकाळी ५.५५

माझा मुलगा नववीत आहे. सीवूड्सहून नेरूळला क्लासला सायकलने जायचा हट्ट धरलाय. लेनच्या मध्ये वगैरे मी त्याला नाही सांगू शकत. त्याला उजवीकडे वळायचं असलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय शिकवू?


कळवे_ते_महापे
बुधवार, रात्री ८.२२

ताई, उजवं वळण दोन टप्प्यांत करायला शिकवा. समजा त्याला उजवीकडे जायचंय. त्याने वळायचंच नाही. हिरवा पडला की डाव्या बाजूने सरळ पलीकडच्या कोपऱ्यावर जायचं, तिथे थांबून सायकलचं तोंड उजवीकडे फिरवायचं, आणि त्या रस्त्याचा हिरवा पडला की त्या वाहतुकीबरोबर सरळ निघायचं. एक सिग्नल जास्त लागतो. डेन्मार्कमध्ये सायकलवाल्यांना असंच वळणं बंधनकारक आहे, म्हणजे यात बावळट दिसण्यासारखं काही नाही, हे मुलाला सांगा. त्या वयात तोच मुख्य मुद्दा असतो.

पलीकडे थांबायची जागा मात्र आधी तुम्ही बघून या. काही कोपऱ्यांवर रिक्षा स्टँड असतो.


डेल्फ्टकर
बुधवार, रात्री ८.४०

आणि अगदीच नको वाटलं तर उतरून झेब्रावरून सायकल हातात धरून चालत जाऊ दे. सायकलवरून उतरणं हे सायकल येत असल्याचंच लक्षण आहे.


पहाटवारा
बुधवार, रात्री १०.१५

पाम बीच रोडवाले गप्प का? मी बोलतो.

साधारण दहा किलोमीटरचा सरळ रस्ता, सिग्नल कमी, पहाटे खाडीवरून वारा. म्हणून नवी मुंबईतले अर्धे सायकलवाले तिथे. आणि म्हणूनच तिथे गाफील राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी तिथेच पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत गेले. अनुभवी माणूस, सोबत इतर सायकलस्वार. त्यानंतर आमच्या ग्रुपमधले बरेच जण मागचा लाल दिवा दिवसाही लावू लागले. मीही लावतो. पुढचा पांढरा, मागचा लाल, आणि अंधारात मागचा एक स्थिर व एक लुकलुकणारा असे दोन. नुसत्या लुकलुकणाऱ्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही असं माझं मत.

एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. वाशीहून बेलापूरला जाताना डाव्या हाताला वस्ती आहे. सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, प्रत्येक फाट्यावर गाड्या डावीकडे वळणार. परत येताना डावीकडे खाडी, मोजकेच फाटे. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजू सारख्या धोक्याच्या नाहीत. जाताना प्रत्येक फाट्यावर मी धागाकर्त्यासारखंच करतो, येताना कडेने निवांत.

ठाण्याकडचा उड्डाणपुलांचा पायथाही असाच. कॅडबरी, नितीन, माजिवडा, हे सगळे चौक. पुलाखालून डावीकडून जाणं ठीक असतं. पण पूल संपतो तिथे वरून उतरलेली गाडी वेगात असते आणि तिला पुढचा डावा फाटा पकडायचा असतो. ती तुम्हाला तिरकी कापत जाते. तिथे मी मान वळवून बघितल्याशिवाय पायडल मारत नाही.


तुर्भे_नाका
गुरुवार, सकाळी ७.३०

सगळं वाचलं. छान चाललंय, पण एक खटकलं. आपण बोलतोय तीस-चाळीस हजारांची सायकल, दोन मागचे दिवे, गिअर. सकाळी सात वाजता तुर्भ्याच्या नाक्यावर या. सायकलींची रांग असते ती कंपन्यांत, मार्केटमध्ये कामाला जाणाऱ्यांची. काळी चोवीस इंची, हँडलला डबा, दिवा नाही, आणि ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा. धडका खरं तर त्यांना बसतात आणि ते कुठे धागे काढत नाहीत.

माझ्या वर्कशॉपमधल्या सहा जणांच्या सायकलींना मी मागच्या मडगार्डवर लाल आणि पायडलला पिवळी चकाकणारी पट्टी चिकटवून दिली. पायडलची पट्टी वर-खाली हलते, त्यामुळे लांबून लगेच कळतं की सायकल आहे. एकूण खर्च एका वडापाव पार्टीपेक्षा कमी. सहापैकी एकाने दुसऱ्या दिवशी काढून टाकली, म्हणाला पोरं हसतात.


संपादक_मदत
गुरुवार, सकाळी ११.००

हेल्मेट सक्तीवरचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे चौकापुरतं बोलू या.


चिखलदरा_ठाण्यात
गुरुवार, दुपारी १.२५

पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही? आपल्याकडे चार महिने तोच असतो.

चौकात पडायला गाडीची गरज नाही. झेब्राचे जाड पांढरे पट्टे ओले झाले की साबण. गटाराची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या प्लेटा, खचलेले पेव्हर ब्लॉक, सगळं नेमकं वळणाच्या जागीच. यांच्यावर ब्रेक नाही, झुकणं नाही, पायडल नाही. सरळ, हँडल हलकं धरून पार. वळायचं असेल तर पट्टा संपल्यावर वळा.

रिमचे ब्रेक असतील तर चौकाच्या आधीच हलके दाबून ठेवा. पहिलं चाकभर पाणी पुसण्यातच जातं, पकड नंतर येते.

आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असेल तर धागाकर्त्याने घरीच बसावं. पाण्याखालचा खड्डा कुणाच्याच आरशात दिसत नाही.


पिवळा_दिवा
गुरुवार, दुपारी १.५०

अजून एक, अपघात पाहणाऱ्यांसाठी. २०१९च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. "पोलिसांच्या भानगडीत नको" म्हणून कुणी लांब उभं राहू नये. अँब्युलन्सला १०८.


कळवे_ते_महापे
पुढचा शनिवार, रात्री ९.१०

नऊ दिवसांनी परत. सोमवारपासून चालवतोय.

पहिल्या दिवशी मध्ये यायला जमलंच नाही. रबाळ्याचा फाटा आला, मागे बघितलं, टँकर दिसला, पोटात कालवलं, आणि मी ब्रेक मारून फुटपाथला पाय टेकवला. टँकर निघून गेला, मग निघालो. दुसऱ्या दिवशी मोकळं मिळालं, मध्ये आलो, मागून स्कूटरवाला "अंकल, साइड!" करून गेला, बस्स. चौथ्या दिवसापर्यंत लक्षात आलं की खरी गोष्ट मध्ये येणं नाही, मागे वळून बघणं आहे. मी मान वळवली की मागचा ड्रायव्हर आपोआप सावध होतो. त्याला कळतं, हा माणूस काहीतरी करणार. हात दाखवला नाही तरी चेहरा दिसला की निम्मं काम होतं. काकांनी आरशाबद्दल म्हटलं तेच उलटीकडून.

मान वळवली की सायकलही त्याच बाजूला जाते, ही मात्र अडचण. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये पांढऱ्या रेघेवर सरळ चालवत मागे बघायचा सराव केला. वॉचमन बराच वेळ बघत होता, शेवटी विचारलं, काही हरवलंय का.

काय नाही जमलं तेही सांगतो. महापे सर्कलला ट्रेलर असले की माझी लेनबिन काही नाही, उतरून चालत पलीकडे जातो. लाज वाटायची, आता वाटत नाही.

पायडल बदललं. हँडलच्या टोकाला लावायचा गोल आरसाही ऑनलाइन मागवला, डाव्या हँडलला बसवलाय. त्यात मला माझंच कोपर दिसतं.


स्टिअरिंगकाका
रविवार, सकाळी ६.०५

शाब्बास. पण आरसा उजव्या हँडलला लावा. आपल्याकडे ओलांडणारी गाडी उजवीकडून येते. डावीकडे काय बघणार, फुटपाथ?


डेल्फ्टकर
रविवार, सकाळी ११.३०

तो आमच्याकडच्या रस्त्यांसाठीचा आरसा असणार, म्हणून डाव्या बाजूचा आला! उलटा करून बसतो का बघा, बऱ्याच आरशांची काच फिरते.


कळवे_ते_महापे
रविवार, दुपारी १२.१५

फिरते. बसला. आता मागे आमच्या बिल्डिंगचं गेट दिसतंय आणि गेटात उभी राहून "जेवायला चला" म्हणणारी बायको.